लाल गादीच्या मोटारीची व्यवस्था

मी जसोदाबाई, कै. रतिलाल पाटील यांची पत्नी, वय अंदाजे अठ्ठावन्न, राहणार शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र सांगून लिहविते. पोटातली गाठ वाढत आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने सांगत नाही. धाक घालायला दीर भटू काल येऊन गेला. त्याला दारातूनच परतवून लावले.

शेत आणि घर एकत्र कुटुंबाचे असल्याने कायद्याने भटूकडे जाते. त्याला माझा इलाज नाही. खाली लिहिलेले मात्र माझे स्त्रीधन आहे. त्यातली मोटार पतीने स्वकमाईतून घेतली व मरणापूर्वी बक्षीसपत्राने मला दिली.

ही मोटार रोल्स-रॉईस, टप मागे दुमडणारी. सातपुड्यातल्या एका संस्थानिकाने उभे राहून वाघ मारता यावा म्हणून ती विलायतेहून मागवली. बोटीने मुंबईस, तेथून रेल्वेने नंदुरबारास आली. घाट तिला चढवेना, म्हणून ती खालीच उभी राहिली. संस्थानिक वारल्यावर पतीने ती घेतली. ड्रायव्हर वहाब तिच्याबरोबरच आमच्याकडे आला.

खोटे कशाला सांगू, मलाही तिचा लोभ होता. इंजिनाचा आवाज नाही, चाकाखालची खडी तेवढी वाजायची. संध्याकाळी टप मागे टाकून केळीच्या बागांतून निघालो की माझी एकुलती मुलगी धनु मागे उभी राहायची, वेणी सोडून. पती ओरडायचे आणि हसायचे.

धनु पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या मार्गशीर्षात पती कोर्टकामाने धुळ्यास गेले होते. वहाबची बायको चांदबी सुईण. तिने हात लावून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाळ आडवं शे. नंदुरबारले दवाखान्यात ल्हई चला, आत्तेच."

मोटारीची चावी भटूकडे होती. वहाब म्हणाला, "भाऊसाब, चावी द्या. गादी मी धुई टाकसू."

भटू म्हणाला, "परवा साहेबले स्टेशनवरून आनानं शे. लाल गादीवर डाग पडतीन. दमनी जुपा."

मी त्याचे पाय धरले. त्याने पाय सोडवून घेतले.

दमणीचे बैल चांगले होते, गाडीवानही चांगला होता. वाटेत प्रकाशा गावाजवळ तापीच्या काठी धनु गेली. बाळ पोटातच राहिले. त्या गाडीत तिचे डोके माझ्या मांडीवर होते.

पती परत आले, सर्व ऐकले. "भाऊ शे मन्हा. काय करू?" एवढेच बोलले. पुन्हा त्या मोटारीत बसले नाहीत आणि दोन वर्षांत गेले. मी त्यांना माफ केले आहे. भटूला केलेले नाही, आणि मेल्यावर माझ्या नावाने कोणी तसे सांगू नये.

भटूला मोटार आता मुलाच्या लग्नाच्या वरातीसाठी हवी आहे. ती त्याला मिळणार नाही. त्याला मी ती दमणी देते, आतल्या गोधडीसकट. धुतलेली नाही.

मोटार, तिचे सामान व टायर चांदबीच्या मालकीची होतील. चालवावी वहाबने. अडलेली बाई कोणत्याही जातीची, फाटक्या लुगड्याची असो, नाही म्हणू नये. एरवी भाड्याने फिरवून पोट भरावे. माझे प्रेत भटूने खांद्यावर घेऊ नये.

माझ्याकडे असलेले धनुचे दागिने तिचा नवरा रामसिंग याची दुसरी बायको रमिलाबाई हिला द्यावेत. दागिने घ्यायला रामसिंग कचरेल. त्याला सांगावे की त्याने पुन्हा लग्न केले ते मीच बोलून करविले.

रमिलाबाईला सातवा महिना लागला आहे. लढाईमुळे पेट्रोल कूपनावर मिळते, तरी दोन डबे मी साठवून कोठीत ठेवले आहेत. ते दुसऱ्या कोणासाठी उघडू नयेत. दिवस भरत येताच वहाबने मोटार नेऊन तिच्या दारात उभी करावी आणि तिथेच मुक्काम करावा. मी तिला पाहिलेले नाही. ती माझी कोणी लागत नाही. तिने जगावे.

लिहिलेले मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

जसोदाबाई रतिलाल पाटील, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार, आमच्या समक्ष अंगठा केला:
१. डॉ. भीमसिंग गिरासे, सही
२. अनीस शेख, लाकडाचे वखारवाले, सही

मुक्काम शहादे, ता. ८ नोव्हेंबर १९४३