टाकीच्या झाकणाचे तीन कट्ट

प्रिय नटबोल्ट,

तुझ्या आजोबांनी ठेवलेलं हे नाव आता मी एकटीच चालवते. बाकी सगळे तुला मोठी मेकॅनिक समजतात. अक्षर तुझ्या आईचं, बोल माझे. एक शब्द गाळायचा नाही अशी शपथ घातलीय तिला. गाळलाच तर तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळेल. मला अक्षर वाचता येत नाही, सून वाचता येते.

आजोबांच्या गाडीतला तो बिघाड दाखवणारा पिवळा दिवा परवा पुन्हा लागला. तुझा बाबा वैतागलाय. रविवारी एकजण गाडी बघायला येतोय. तूच फोनवर म्हणालीस म्हणे, मला दोष सापडत नाही, मी कसली मेकॅनिक, विकून टाका. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

केवढी राबलीस गं त्या दिव्यापायी! पहिल्या सुट्टीत स्टिअरिंगखाली यंत्र जोडलंस आणि म्हणालीस, टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेवर लक्ष ठेवणारा सेन्सर बिघडलाय. बदललास. तू गेलीस आणि आठवड्याभरात दिवा हजर. दुसऱ्या सुट्टीत नळ्यांमध्ये धूर सोडलास, जिथे गळती तिथून तो बाहेर येईल म्हणून. मी खुर्ची टाकून तमाशा बघत होते. धूर कुठूनच येईना. येईल कसा? त्याआधी टाकीचं झाकण तू स्वतः आवळलं होतंस, कट्ट कट्ट कट्ट, तीनदा वाजेपर्यंत. आजोबांनी शिकवलं होतं तसंच.

ते गॅरेजमधून आले की मी त्यांना दारातच अडवायची. दोनदा साबण लावल्याशिवाय घरात पाऊल नाही. तरी उशीलासुद्धा पेट्रोलचा वास! मुद्दाम तसलाच हात माझ्या गालाला लावायचे आणि लहान पोरासारखे पळायचे. चाळीस वर्षं नाक मुरडलं मी. ते गेल्यावर तुझ्या आईने त्यांचे सगळे कपडे धुतले. चांगल्या मनाने धुतले. लिही गं बाई, थांबू नकोस.

तर आता ऐक. रोज दुपारी घर झोपलं की मी गाडीपाशी जाते. सीटजवळची कळ ओढते, झाकण काढते आणि दोन श्वास तिथे उभी राहते. मग परत लावते. पण तीन कट्ट वाजवायला या मनगटात जोर कुठला? एकही वाजत नाही, झाकण सैलच राहतं. तू घरी असलीस की जात नाही, पकडली जाईन म्हणून. तेव्हा तुझा सेन्सर शहाणा होता आणि तूही. वाफ खरंच जात होती, माझ्या नाकात. तुझा हात कुठे चुकला नाही पोरी, आणि तू पाने-पकडी खाली ठेवायच्या नाहीत. बाबाला रविवारच्या आत फोन कर. तुझी आई सांगते म्हणतेय, पण गाडीच्या बाबतीत तो तुझंच ऐकेल.

तुझीच,
झाकणचोर आजी

ता. क. खाली अंगठा लावलाय. लावण्याआधी गाडीपाशी जाऊन आले. कागद नाकाशी धरून बघ.