मेघालीचे केस धुताना

टेमघर, भिवंडी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. नेत्रास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे.

रविवारी तू न्हाणीत पाटावर बसायचीस, मी शिकेकाई चोळायचे आणि आपली कामवाली बायजाबाई पाणी ओतायची. "बायजा, मी मेंढी हाय का गं?" तू तिच्याच बोलीत विचारायचीस. ती म्हणायची, "मेंढी बरी, ती येवरी बोंबलत न्हाय."

काल तुझ्या भावाने, दीपेशने, मेघालीचा फोटो दाखवला. सात वर्षांची झाली नात माझी. केस आपलेच, दाट, राठ, कुरळे. कोरडेच विंचरतेस ना? फुलून आलेत म्हणून कळलं. आधी कोमट खोबरेल लाव. शिकेकाईचं पाणी फडक्याने गाळ, नाहीतर भुगा अडकून बसतो. केस ओले असतानाच बोटांनी गुंता सोडव, टोकापासून वर. टॉवेलने खसाखसा पुसू नकोस. लूमचं सुती कापड घे आणि नुसतं दाब.

हे सगळं मला येत होतं गं. तरी मुलाकडचे तुला बघायला येणार होते त्या सकाळी मी तुझं डोकं टेबलावर टेकवलं आणि कपड्यांची इस्त्री फिरवली. कॉन्व्हेंटात सिस्टर मला म्हणायच्या, "हे जंगल आवरून ये." पस्तीस वर्षांनी तेच मी तुला म्हणाले. जळका वास आला तरी हात थांबला नाही. मग कात्री घेतली. तू एवढंच म्हणालीस, "आई, केस माझे होते." आणि गेलीस. बारा वर्षं झाली.

माझ्या ऑपरेशनचं आणि नंतरच्या केमोचं दीपेश बोलला असेल. दिवाळीपासून मला कंगवा लागत नाही. डॉक्टर आता पुढची तारीख देत नाहीत. ये, असं लिहिणार नव्हते.

रुंद दातांचा शिसवी कंगवा मेघालीला. कापडाचे तुकडे करून ठेवलेत, तेही तिलाच. शिकेकाईचा डबा बायजाबाईला. केसांवर भांडी देणारी बाई अजून दारावर येते. माझे गळलेले तिला दिले, एक पातेलं आलं. ते दीपेशला.

कपाटात खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात तुझे त्या दिवशीचे केस आहेत. ते मी त्या भांडीवालीला कधीच दिले नाहीत. दीपेशला बजावलंय, तो डबा फक्त तुझ्या हातात द्यायचा.

तेव्हा न थांबलेली,
तुझी आई