तुमच्या अंगावरचं लुगडं

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीट आठवत नाही, पण ते हिरवं लुगडं आठवतं. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, नव्या कचेऱ्या उघडत होत्या आणि आपल्या गावच्या विहिरीत मात्र थेंब नव्हता. नव्या जिल्ह्यानं आपल्याला काय दिलं, तर तुम्हाला टँकरवर ड्रायव्हरची नोकरी. त्या दुपारी सगळ्या बाया घागरी मांडून उन्हात उभ्या आहेत, मीही मायचा पदर धरून आहे. टँकर येतो, कॅबिनचं दार उघडतं आणि तुम्ही उतरता ते लुगडं गुंडाळून. कुणी काही बोलायच्या आधी माय ओरडते, "कोन्त्या सटवीकडं निजला व्हता रं?" सगळं गाव खदाखदा हसतं. तुम्ही मान खाली घालून नळ सोडता.

पुढं तुम्ही जन्मभर रंगेल ठरलात. माझ्या लग्नात तुम्ही पंगतीत वरण वाढत होता आणि माझे सासरे म्हणाले, "काय व्याही, आज धोतर घट्ट हाय ना?" सगळ्यांच्या आधी तुम्हीच हसलात, आणि पळीतलं वरण पत्रावळीऐवजी भुईवर सांडलं. मला वाटलं, केलंय तर लाज वाटणारच. एकदा रागानं मी तुम्हाला म्हणालेही होते, की तुमच्यापायी मला सासरी मान वर करता येत नाही. तुम्ही सुपारी कातरत होता. म्हणालात, "तुझी माय म्हनती तेच खरं धर, बाई." एवढंच. मला तो निर्लज्जपणा वाटला होता.

आता ऐका. मागच्या आठवड्यात आमच्या लातुरात, आमच्याच गल्लीत, एक गोष्ट झाली. समोरच्या खोलीत एक भाडेकरू राहतो, तिशीचा, डाळमिलमध्ये कामाला. त्याच्यावर मिलमधल्याच तिघांनी जबरदस्ती केली. तो ठाण्यात गेला तर तिथं लिहून घ्यायच्या आधीच हसले म्हणे. मग गल्ली हसली. आमच्या ओट्यावर चहा पिता पिता आमचे हे म्हणाले, "गडी मानसावर कसली जबरदस्ती? ह्यालाच हौस असंल." माय हल्ली माझ्याकडंच असते, ती खाली बसून तूर निवडत होती. नव्वदीला टेकली आहे, फारसं ऐकू येत नाही, असं आम्ही समजतो. सगळे उठून गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याच्या बायकोला सांग, भांडन काढ म्हनावं. गल्लीत उभी ऱ्हा अन् एखाद्या बाईचं नाव घे. लोक हासतील, पन पुढचं इचारनार न्हाईत."

मी म्हटलं, "माय, हे काय बोलायलीस?" तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. कुणाच्या तरी मोसंबीच्या बागेला पाणी हवं होतं, तुम्ही टँकर वळवला नाही. गिट्टीच्या खदानीपाशी त्यांनी तुम्हाला अडवलं. बाईवर झालं असतं तर गावानं कोयते उचलले असते, असं तुमच्यावर केलं आणि कपडे घेऊन गेले. सडकेच्या कामावरच्या एका म्हातारीनं तिच्या गाठोड्यातलं लुगडं दिलं. "लुगड्याला रगत व्हतं," माय म्हणाली. "तुझ्या बापाचं तोंड बगितलं अन् समजले. कुठली सटवी न् कुठलं काय. लोकायला बाईच्या नादाचा गडी चालतो गं. हे न्हाई चालत." मी विचारलं, तुम्ही दोघं कधी बोललात का ह्यावर? "एकडाव म्हनले, त्या दिशी चांगलं भांडलीस. बस."

आप्पा, अजून नीट झोप नाही. मला मायचा राग येतो, आणि तिच्या पायावर डोकं ठेवावं असंही वाटतं. आणि सगळ्यात धक्का कशाचा, तर एवढ्या वर्षांनी त्या पोराच्या बायकोसाठी मायजवळ तोच एक उपाय आहे, आणि ओट्यावरचं ते हसणं ऐकून मला तो चुकीचाही म्हणता येईना. तुम्ही त्या अंगानं पाणी घेऊन गावात आलात, नळ सोडलात, शेवटची घागर भरेपर्यंत उभे राहिलात. आम्ही बघत होतो ते लुगडं.

काल मी त्या भाडेकरूकडं गेले. भांडण काढायला सांगायला नाही, भाकरी आणि पिठलं घेऊन. बायको माहेरी निघून गेलीय. तो भिंतीकडं तोंड करून बसलेला. मी म्हणाले, "बाबा, हे तुझ्या एकट्यावर झालेलं नाही. दुष्काळात आमच्याकडच्या एका टँकरवाल्यावरही झालं होतं. तो जगला, लेकरं मोठी केली, लेकीच्या लग्नात वरण वाढलं." त्यानं पहिल्यांदा मान वळवली. मग विचारलं, "तुमचे कोन व्हते ते?"

हा कागद धाडायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. मी त्याला म्हणाले, "गावातले एक होते."