हरभऱ्यातून गेलेला मेळावा

१८ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. १० डिसेंबरला मानवी हक्क दिन, आणि त्याच दिवशी जानेफळात आपला सर्वधर्म संवाद मेळावा. पुढं कोणी गावाचा इतिहास लिहायला बसलं तर तारखा तयार पाहिजेत. त्यासाठी मंच मी स्थापन केला, अध्यक्ष मी. सचिव पुतण्या गणेश. त्याला अजून सांगायचं आहे.
विषय फायनल: ‘दुसऱ्याचं ऐकून घ्या’. मी दीड तास बोलणार.

२२ नोव्हेंबर
सकाळीच इंद्रभान दारात. शेतशेजारी, बौद्ध समाजातला शहाणा माणूस. वाटलं, मेळाव्याला पाठिंबा द्यायला आला. तो म्हणे पांदण मोकळी करा. नाल्याकाठी त्यांची स्मशानभूमी आहे, तिकडं जाणारी गाडीवाट, म्हणजे ही पांदण, माझ्या शेताच्या कडेनं होती असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं, नांगर दरवर्षी थोडा सरकतोच. त्याला ‘धुरा कोरला’, बांध खाल्ला, म्हणणं मला आवडत नाही. यंदा तिथं हरभरा झकास आहे, आणि तारेचं कुंपण रानडुकरांसाठी आहे, माणसांसाठी नाही.
जाताना म्हणाला, “मायचं काही खरं नाही, माणिकभाऊ. तिले नाल्याच्या चिखलातून कसं नेऊ?”
वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हटलं, मेळाव्यात खुल्या संवादाचं सेशन ठेवलं आहे, आभार प्रदर्शनाच्या आधी, तिथं मांड. 
आमची बायको झुंबरबाई आतून ऐकत होती. “तार काढाले सभा काऊन लागते तुमाले?” म्हणाली. आमच्या मंडळींना प्रोसेस म्हणून काही कळत नाही.

२६ नोव्हेंबर
संविधान दिन. शाळेत प्रास्ताविका मोठ्यानं वाचली. ‘बंधुता’ शब्दाला आवाज भरून आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.
परत येताना शेतात चक्कर. तार एका ठिकाणी सैल झाली होती. घट्ट केली.

१ डिसेंबर
मेहकरहून बॅनर आलं. माझा फोटो भव्य. सगळ्या धर्मांची चिन्हं माझ्या फेट्याच्या शेमल्यामागं गेली आहेत, पण आहेत.
मुस्लिम समाजातर्फे मुनीरभाई बोलणार. मंडपही त्यांचाच. ऐक्य यालाच म्हणतात. त्यांची शंका एवढीच, की ते स्टेजवर बसले तर जनरेटर कोण पाहील? हिंदूंतर्फे भजनी मंडळाचे कारभारी. ते दोन वेळा विचारून गेले, की जेवण आधी आहे का नंतर. नंतर. नाहीतर ऐकणार कोण?

५ डिसेंबर
इंद्रभानची आई मंजुळाबाई सिरियस आहे. झुंबरबाई रोज पेज घेऊन जाते. मीही जाणार होतो, पण निमंत्रणं वाटायची राहिली आहेत.
लहानपणी आई आजारी असायची तेव्हा ही मंजुळाबाई मला कडेवर घेऊन त्याच पांदणीनं शेतात न्यायची. समोरून बैलगाडी आली तरी बाजूला व्हावं लागत नसे.
हे इथं लिहायला नको होतं.
निश्चय: हरभरा निघाला की तार लगेच काढायची. म्हणजे फेब्रुवारीत. मंजुळाबाईनं तेवढा दम धरावा.

८ डिसेंबर
भाषण पाठ. गणेश म्हणतो, दीड तास फार होतो. त्याला म्हटलं, तू ऐकायला शिक.

१० डिसेंबर, सकाळ
मंजुळाबाई पहाटे गेली.
इंद्रभाननं गणेशजवळ निरोप धाडला, दुपारी दोनला नेणार आहोत, मेळावा पुढं ढकलता येईल का. मोठं कठीण काम. मानवी हक्क दिन काही आपण ठरवलेला नाही. कळवलं, की व्यासपीठावरून श्रद्धांजली वाहू, माझ्यातर्फे.
झुंबरबाई नवं लुगडं न नेसताच कुठं गेली कोणास ठाऊक. पहिल्या रांगेत तिची खुर्ची आहे.

१० डिसेंबर, दुपार
गर्दी छान होती. मी ‘समोरच्याचं दुःख’ या मुद्द्यावर आलो आणि अंत्ययात्रा मंडपासमोरून निघाली. लोक चुळबुळ करायला लागले. मी प्रसंगावधान राखून माइकवरून दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, स्वतःही मिटले.
उघडले तर मंडपात कोणी नाही. मुनीरभाई जनरेटर बंद करून गेले होते. कारभारी न जेवता गेले.
 पुढचा मुद्दा आठवत होता, पण सांगायचा कोणाला?

१० डिसेंबर, संध्याकाळ
शेतात गेलो. तारेची नीट गुंडाळी करून खांबाला टेकवून ठेवली होती. हरभरा बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीत तुडवलेला. मोजून तुडवल्यासारखा, एक पाऊल जास्त नाही.
नाल्याकाठी सगळे बसले होते. इंद्रभानला मुनीरभाई पाणी देत होते, कारभारी काहीतरी समजावत होते. आणि बायकांत झुंबरबाई, मांडीवर घरातली पक्कड.
रागवायचं ठरवूनच गेलो होतो. इंद्रभाननं वर पाहिलं, सरकून जागा केली. “बसा माणिकभाऊ,” म्हणाला. बसलो. श्रद्धांजलीचे चार शब्द तयार होते. कोणी बोला म्हटलं नाही. चितेकडं पाहिलं आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं असेल, हरभऱ्यासाठी.

११ डिसेंबर
मुनीरभाई मंडप सोडून नेत आहेत. बॅनर त्यांनी आपणहून काढून घडी करून दिलं. गणेशनं सचिवपद सोडलं.
रात्री डुकरं येतील, तार परत लावायला हवी. पण तिच्यासाठी पक्कड लागते. ती झुंबरबाईपाशी आहे, आणि झुंबरबाई कालपासून माझ्याशी बोललेली नाही.