फ्रिज कुठे गेला?

प्रिय चैताली,

जयभीम. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नीट लावून वाच.

तुझा पिक्चर पाहिला. शेजारच्या कुसाबाईच्या सुनेने मोबाईलवर लावला. आपलं घर दिसलं आणि कुसाबाई म्हणाली, "अगं, तुझा फ्रिज कुठे गेला?" मी काय सांगणार? शूटिंगच्या गडबडीचा त्रास नको म्हणून तू मला मनमाडला मावशीकडे पाठवलंस. मागे माझ्या घरातून फ्रिज गेला, ट्यूबलाईट गेली, आणि अंधारात चुलीशी एक बाई येऊन बसली. चूल! तुझ्या जन्माआधीपासून आपल्याकडे गॅस आहे. तुझ्या पप्पांनी ओझरच्या कारखान्यात ओव्हरटाईम करून तो फ्रिज आणला, तेव्हा मी अख्ख्या गल्लीला बर्फ वाटला होता. तूच वाट्या घेऊन दारोदार पळत होतीस. ते का नाही दाखवलंस?

तू म्हणायचीस, आपली माणसं पिक्चरमध्ये कुणी दाखवत नाही, म्हणून मी दाखवणार. मला पटलं, म्हणून तर घराची किल्ली दिली. मग ही बाई कोण? पिक्चरभर एक शब्द बोलत नाही. मी जन्मात कधी गप्प बसले का? रेशनवाल्याला विचार. शाळेत तुला मुद्दाम मागे बसवलं, तेव्हा मी थेट हेडमास्तरांच्या टेबलापर्यंत गेले होते. तुझ्या पिक्चरमधली आई शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून रडते.

आणि तरी मला काही कळेनासं झालंय. शेवटी मुलीचं सर्टिफिकेट हातात घेण्याआधी ती बाई दोन्ही हात पदराला पुसते. ते बघून मला रडू फुटलं. ते हात माझेच. तू कधी बघून ठेवलेस गं? बाई खोटी आणि हात खरे, असं कसं? कुसाबाई म्हणते, पोरीच्या पिक्चरला बक्षीस मिळालं ना, मग तोंड बंद ठेव. पण रागवावं की मिरवावं, हेच ठरत नाही. या नादात भाजी दोनदा करपली.

रविवारी नाशिकमध्ये पिक्चर दाखवणार, मला स्टेजवर बोलावणार म्हणालीस. मी लगेच मोरपंखी साडी काढून ठेवली. आणि काल तुझा निरोप, आई, साधीच साडी नेस, माइक दिला तर नुसता नमस्कार कर. हे पत्र त्याचंच उत्तर आहे. मी स्टेजवर आले तर बोलणार. हेडमास्तरांना काय म्हणाले होते, तेसुद्धा सांगणार. तुला गप्प आईच हवी असेल तर पिक्चरमध्ये आई झालेल्या पुण्याच्या त्या नटीला बोलव. मी खाली खुर्चीत बसेन, तुझ्यासाठी टाळ्याही वाजवेन. फक्त तिच्याकडे बोट करून, ही माझी आई, असं म्हणू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

काय ते ठरव. साडी मी इस्त्रीला दिली आहे.

तुझीच, बोलणारी,
आई