बापूकाका, आम्ही मतदान घेतलं

प्रिय बापूकाका,

काल इथे सिंगापुरात, आपल्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये निवडणूक झाली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्ही तर निघून गेलात. म्हणून आता झाल्यावर कळवतोय. रागवा हवं तर, पण आधी पूर्ण वाचा.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही फ्लॅटच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्यात आणि म्हणालात, "दिग्या, आता घर तू बघायचं." प्रकाश शेजारीच उभा होता, फ्लॅटमधले बाकीचेही होते. कोणाला विचारलंत? कोणालाच नाही! मलासुद्धा नाही. मी नुसती मान हलवली. तुमच्यासमोर दुसरं काय करणार होतो?

घर बघायचं म्हणजे मालकाशी बोलायचं, स्वयंपाकाच्या पाळ्या लावायच्या, नवा माणूस घ्यायचा की नाही ते ठरवायचं. तुम्ही एकदा खाकरलात की शिपयार्डातले दांडगे फिटर गप्प बसायचे. मी खाकरलो तर विचारतात, "सर्दी झाली का रे?"

पण माझी झोप त्याने उडाली नव्हती. ती उडाली तुमच्या हाँगकाँगमुळे.

मी नववीनंतर शाळा सोडलेला, तो इतिहास मला तुमच्याकडूनच कळला. रविवारी मासे तळताना किती वेळा सांगितलात! तुम्ही तिथल्या गोदीत फिटर होतात. इंग्रज जाणार आणि हाँगकाँग चीनच्या हाती देणार, हे ठरलेलं होतं. तुमचा वेल्डर दोस्त आ-मिंग म्हणायचा, जाण्याआधी कायदेमंडळाच्या सगळ्या जागा लोकांच्या मतांनी भरा. थोड्या नकोत, सगळ्या. त्याच्याबरोबर तुम्ही सभांना जायचात. हातात चिनी फलक, आणि त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं! एकदा उलटा धरला होतात, तो आ-मिंगने सरळ करून दिला.

तिथले आपले लोक हसायचे. "बापू, तू राजापूरचा. इंग्रज गेला काय नि राहिला काय, तुझं काय जातंय?"

तुम्ही म्हणायचात, "अरे, जहाज देऊन टाकतायत, खलाशांसकट. निदान खलाशांना विचारा तरी, कप्तान कोण हवा!"

सगळ्या जागा काही तशा भरल्या नाहीत. इंग्रजांचा झेंडा उतरला त्या दिवशी आ-मिंगने तो फलक भिंतीला उलटा टेकवून ठेवला. हे सांगताना तुम्ही कढईतला मासा उगाचच उलटायचात.

मग काका, एवढं सगळं बघून तुम्ही आम्हाला तसंच कसं देऊन टाकलंत?

तुम्ही असताना हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुमचं दिवसकार्य उरकल्यावर मी सगळ्यांना म्हटलं, "आपण मत घेऊ."

"कशाला?" शंकर म्हणाला. "काकांनी सांगितलंय ना? विषय संपला."

"काका हाँगकाँगबद्दल काय म्हणायचे?"

"अरे, हा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे!"

प्रकाश तेवढा हसला. "घे मत. मी उभा राहतो."

घरमालक अंकलना कळवलं, तर ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "एनीवन ऑल्सो कॅन, ला! ओन्ली डोन्ट फ्राय फिश एव्हरी डे."

मूग म्हणजे मी, छोला म्हणजे प्रकाश. आम्हा पाच जणांपैकी एकेकाने आतल्या खोलीत जाऊन बिस्किटांच्या डब्यात एक दाणा टाकायचा. डबा रिकामा असल्याचं मी सगळ्यांना दोनदा दाखवलं. शंकर वैतागला, "आता त्याला आंघोळही घाल!"

तीन छोले निघाले, दोन मूग.

हरलो, काका. तुमची शेवटची इच्छा मी माझ्याच हाताने मोडली. मग किल्ल्या प्रकाशला दिल्या. माझ्यासमोर त्याला आनंदही दाखवता येईना. शेवटी म्हणाला, "मग... उद्या स्वयंपाक कोणाचा?"

"पाळी तुम्ही लावा, साहेब," शंकर म्हणाला.

आणि तेवढ्यात वसंता बोलला. तुमच्यासमोर ज्याने कधी तोंड उघडलं नाही, तो वसंता! म्हणाला, "मला शुक्रवार नको. शुक्रवारी माझी मुलगी व्हिडिओ कॉल करते. भात लावायच्या नादात दर वेळी तिचा कॉल चुकतो."

इतकी वर्षं शुक्रवार त्याचाच होता. तुम्हाला हे कधी कळलं होतं का? तुमच्या धाकात आम्ही सुखात होतो, हे खोटं नाही. तुम्ही कोणाला उपाशी झोपू दिलं नाहीत. पण विचारलंही नाहीत, काका.

प्रकाशने शुक्रवार स्वतःकडे घेतला. मी दुखावलो होतो, तरी ते बघून बरं वाटलं.

वर्षाने पुन्हा मत घ्यायचं ठरलंय. तोवर प्रकाशचं काही चुकलं, तर त्याला तोंडावर सांगेन. आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहीन, हरायची भीती वाटत असली तरी. एवढा शब्द देतो.

तुम्ही नेमलेला, आणि पडलेला,
तुमचा दिगंबर