प्लायवुडचा खांब आणि आमचं चर्च

प्रिय आत्याबाई,

तुमच्या सुतार भाच्याचा प्रभूमध्ये वाकून सलाम. गुडघे कसे आहेत? रात्री झोप लागते ना? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? तुमच्या रागाची चौकशी करत नाही, तो ठणठणीत असणार. कारण मी फोन केला की पहिल्याच घंटेला कट होतो, म्हणजे बोटं अजून चपळ आहेत (प्रभूची स्तुती असो). फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण लिहिलेला कागद तुम्ही आधी वाचल्याशिवाय फाडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आमच्याकडे सगळे ठीक आहेत, फक्त मी ठीक नाही. तुम्ही निरोप धाडलात की नाचाच्या क्लासच्या हॉलला चर्च म्हणत नाहीत, तिथे बाळाचा बाप्तिस्मा झाला तर मी पाऊल टाकणार नाही. इकडे माझी लेक म्हणते, बाप्तिस्म्याला मला आत्याआजीनं हातावर घेतलं, बाबांना आत्याआजीनं घेतलं, माझ्या पोरीलाही तिनंच घ्यायचं, नाहीतर बाप्तिस्माच नको. दोघीही आमच्याच घराण्यातल्या, त्यामुळे कोणी मागे हटायचा प्रश्नच नाही. या भानगडीत पोरीला दोन दात आले. असंच चाललं तर ती स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला जाईल, आणि मला म्हातारपणी दोन्हीकडून बोलणी खावी लागतील ती वेगळीच.

आता तुम्ही येणं बंद केल्यापासून काय काय झालं ते ऐका. चर्चचं छत तपासायला आलेल्या इंजिनियरनं तुळईला हातोडी लावली आणि पोतंभर प्लास्टर त्याच्याच हेल्मेटवर आलं, तिथपर्यंत तुम्ही होतात. मग दाराला कुलूप लागलं आणि नाचाच्या क्लासवाल्या बाईंनी आपला हॉल रविवार सकाळपुरता दिला. हॉल ऐसपैस आहे, स्वच्छ आहे, पण तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे. प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात हे आम्हाला माहीत होतं, पण किती जण मिटत नाहीत हे त्या दिवशी कळलं. पाळकसाहेबांना उशिरा येणारे एकदम चार बाजूंनी दिसू लागले. खजिनदार मात्र खूश, त्यांना वाटलं मंडळी वाढली.

खरी गंमत पुढे आहे. खुर्च्या नव्या, जागा नवी, तरी जो तो बरोब्बर आपल्या जुन्या ठिकाणी जाऊन बसला. आपल्या चर्चात उजव्या हाताला तो जाडजूड खांब होता ना, तेवढी गोल जागा सगळ्यांनी मोकळी सोडली. कोणी कोणाला सांगितलं नाही, हं! दानाची पिशवी फिरवणारे काका त्या नसलेल्या खांबाला वळसा घालून गेले. हाल झाले ते खांबामागच्या लोकांचे. आपले ‘दोनदा आमेन’ (ते अजून प्रत्येक वेळी दोनदाच म्हणतात, दुसऱ्यांदा जरा जोरात), रात्रपाळी करून येणारा बसचालक आणि कोणाशी अक्षर न बोलणारे घड्याळजी. इतकी वर्षं खांबाच्या आडोशाला निवांत बसलेली माणसं एकदम उघड्यावर आली. बसचालकाची डुलकी आरशात चहूकडे दिसली आणि त्याच्या बायकोनं ती घरी नेऊन पुन्हा दाखवली.

तेव्हा पंच कमिटी बसली. विषय, या हॉलमध्ये चर्चसारखं का वाटत नाही? निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, चर्च बाकांनी होतं (जुनी बाकं त्यांच्या वडिलांनी दिलेली). ऑर्गनवाल्या बाईंच्या मते ऑर्गननं. शिंपीकाकांनी सांगितलं की वेदीवरचं कापड नसेल तर सगळं व्यर्थ, आणि ते कोण शिवतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. मी मन मोठं करून दारं-खिडक्यांचा मुद्दा मांडला. शेवटी ‘दोनदा आमेन’ उठले आणि गहिवरून म्हणाले की खांबाशिवाय मन लागत नाही, मन लागत नाही. ठराव पास झाला. काम कोणाच्या गळ्यात पडलं असेल ते सांगायला नको.

मी प्लायवुडचा पोकळ खांब केला. रंग हुबेहूब, खालचा पोपडासुद्धा रंगवून काढला. क्लासवाल्या बाईंची एकच अट होती, जमिनीला खिळा मारायचा नाही आणि सोमवारी सकाळी हॉल रिकामा हवा. म्हणून मी खांबाला चाकं लावली. चाकांना कळ होती, ती मी दाबलीही होती, पण नाचाची फरशी इतकी गुळगुळीत असते हे मला कोणी सांगितलं होतं? पाळकसाहेब त्या दिवशी नेमके अढळ पायावर बोलत होते. खांब हळूच निघाला. त्याच्या मागे ‘दोनदा आमेन’नी खुर्ची ओढली, मग बसचालकानं झोपेतच ओढली, मग घड्याळजींनी. खांब पुढे, हे तिघे मागे, अशी वरात थेट पाळकसाहेबांच्या स्टँडला जाऊन टेकली. मी कपाळाला हात लावला. पाळकसाहेब थांबले, खांबाकडे बघितलं, आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली. मग हसू आवरेना कोणाला. लहानमोठे सगळे पोट धरून हसले, आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मला परकं वाटलं नाही.

तरीही एक घोळ संपेना. गीताला उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी, ते पुस्तकात छापलेलं आहे, पण ते आमच्यात कोणी वाचतच नव्हतं. सगळे तुमच्या पाठीकडे बघून उठायचे! आता अर्धे उभे, अर्धे बसलेले, आणि उरलेले आरशात बघून गोंधळलेले. पहिल्या रांगेतली तुमची भिंतीकडची खुर्ची अजून कोणी घेत नाही. पाहुण्या बाई एकदा बसायला गेल्या तर गोळ्यावाल्या काकूंनी त्यांना पेपरमिंट देऊन उठवलं.

आणि आता एक गोष्ट, जी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या रविवारी उपासनेच्या मधेच वीज गेली. ऑर्गन गप्प, माईक गप्प, आरसे काळे. त्या शांततेत घड्याळजी बोलले. त्यांची बायको दवाखान्यात आहे, डॉक्टरांनी आशा सोडलीय, आणि हे महिनाभर कोणाला न सांगता येऊन बसत होते. कोणी काही ठरवलं नाही. खुर्च्या सरकवून सगळे त्यांच्याभोवती गेले, कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतं उभं राहिलं. ते लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. संध्याकाळपासून दवाखान्यात कोणी रात्र काढायची, कोणी डबा न्यायचा, हे आपोआप ठरलं. त्या वेळी हे चर्च आहे की हॉल, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला तुमची फार आठवण आली, आत्याबाई. आणि रागही आला. तिथे तुम्ही हव्या होतात.

तेव्हा हट्ट सोडा आणि या. एवढीच विनंती.

तुमचाच,
मधल्या मध्ये भरडला गेलेला भाचा

ता. क. : वरची विनंती रद्द समजा. हे पत्र कामाच्या टेबलावर पडलं होतं, ते तुमच्या सुनबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला न विचारता पंच कमिटीत वाचून दाखवलं. सगळ्यांचं एकमत झालं की आत्याबाई येणार नाहीत, उगाच शाई घालवू नका. मग दुसरा ठराव पास झाला.

ता. क. दुसरा : त्या ठरावानुसार तुम्ही काही आणायचं नाही, काही आवरायचं नाही. घडीच्या खुर्च्या माझ्या टेम्पोत आहेत, बाप्तिस्म्याचं भांडं शिंपीकाकांच्या मांडीवर. घड्याळजीही आलेत. बायकोनंच त्यांना पाठवलं, तिच्यापाशी ऑर्गनवाल्या बाई बसल्यात.

ता. क. शेवटचा : लेक म्हणत होती, आत्याआजीला आधी विचारा. पाळकसाहेब म्हणाले, विचारलं तर त्या नाही म्हणतील. म्हणून हे पत्र टपालात न टाकता आत्ता तुमच्या दाराखालून सरकवलंय. तुम्ही हे वाचताय तेव्हा आम्ही बाकीचे झाडून सगळे तुमच्या जिन्यात उभे आहोत. बाळ भुकेलंय, आणि त्याची आई त्याला तुमच्याशिवाय कोणाच्या हातात द्यायला तयार नाही. ‘हे चर्च नव्हे’ असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण दार उघडून, आमच्या तोंडावर म्हणा.